बिऱ्हाडकरूची वाढीव खोली

गेल्या अंकीं आम्हीं गोपनीय गणनेविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकीं एका भगिनींचा प्रश्न इतका नेमका आहे कीं, या महिन्यासाठीं योजलेला विषय मागें ठेवून त्याचेंच उत्तर द्यावें असें आम्हांस वाटलें. त्या विचारतात: यंत्र सुरू होतांना त्याच्या मेमरीस कुलूप लागतें हें समजलें, पण यंत्र चालू असतांनाच मध्यें आणखी मेमरी जोडली, तर तिला कुलूप कोण लावतो, आणि तें लागलें आहे हें कोणास कसें कळतें? प्रश्न घरगुती भाषेंत विचारला आहे, परंतु या विद्येंतील जाणत्यांनाही तो सोपा गेलेला नाहीं.

गेला अंक ज्यांच्या हातीं आला नसेल त्यांच्यासाठीं थोडी उजळणी. बँका, रुग्णालयें, विमा कंपन्या आपले सारे हिशेब आतां स्वतःच्या यंत्रांवरच ठेवतात असें नाहीं. मोठमोठ्या कंपन्यांनीं प्रचंड गणकागारें बांधलीं आहेत. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुण्यांत आणि ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईंत अशीं केंद्रें उघडलीं. तेथें एकेका यंत्राच्या पोटांत अनेक आभासी यंत्रें नांदतात. जुन्या वाड्यांत ज्यांचें बालपण गेलें त्यांस हें समजावून सांगणें नलगे: वाडा एक, मालक एक, बिऱ्हाडें दहा. मालकाच्या जागीं येथें हायपरव्हायझर नांवाचा प्रोग्राम असतो. प्रत्येक बिऱ्हाडांत स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि तिचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तो त्या बिऱ्हाडाचा कर्ता पुरुष समजावा. फार ठिकाणीं हा कर्नल लिनक्सचा असतो. म्हणून पुढील विवेचन आम्ही त्यालाच धरून करितों.

पूर्वी या वाड्यांत मालकाजवळ प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली असे. कोणाच्या मेमरींत काय लिहिलें आहे हें त्यास केव्हांही पाहतां येई. एएमडी कंपनीनें २०१७ सालच्या एपिक प्रोसेसरांपासून प्रत्येक आभासी यंत्राची मेमरी निराळ्या किल्लीनें सांकेतिक लिपींत ठेवण्याची सोय केली; ती किल्ली प्रोसेसरच्या आंतच राहते, मालकास दिसत नाहीं. २०२१ सालीं तींत एसईव्ही-एसएनपी या व्यवस्थेची भर पडली. इंटेलची टीडीएक्स ही त्याच जातीची व्यवस्था २०२३ सालच्या झिऑन प्रोसेसरांबरोबर आली, आणि आर्म कंपनीनेंही आपली योजना २०२१ सालीं जाहीर केली. मालकानें खोली द्यावी, भाडें घ्यावें, पण आंत डोकावावेंसें वाटलें तरी त्यास डोकावतां येऊं नये, एवढाच या सर्वांचा हेतु.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशीं निकाल सांगणाऱ्या यंत्रांवर दुपारीं एकदम लोकांची झुंबड उडते, आणि रात्रीं तेथें शुकशुकाट असतो. तेवढ्या दोन तासांसाठीं यंत्र बंद करावें, मेमरी वाढवावी आणि पुन्हा सुरू करावें, हें शक्य नसतें. म्हणून चालत्या यंत्रासच मेमरी जोडण्याची सोय पुष्कळ दिवसांपासून आहे. तिला मेमरी हॉटप्लग म्हणतात. आभासी यंत्राच्या बाबतींत पेटी उघडून नवी पट्टी बसविण्याचें कारण पडत नाहीं. मालक नुसता निरोप धाडतो कीं, अमुक पत्त्यापासून अमुक पत्त्यापर्यंतची जागा आजपासून तुझी. लिनक्सचा कर्नल ती दोन पायऱ्यांनीं घेतो. पहिल्या पायरीस तो जागेची नोंद करितो: ४ किलोबाइटांच्या प्रत्येक पानामागें ६४ बाइटांचें टिपण, म्हणजे १ गिगाबाइट मेमरी आली तर तिच्या हिशेबासच १६ मेगाबाइट लागतात. दुसऱ्या पायरीस ती जागा वापरासाठीं खुली होते. इंटेल व एएमडीच्या नेहमींच्या यंत्रांत हा व्यवहार बहुधा १२८ मेगाबाइटांच्या ठोकळ्यांनीं चालतो.

या व्यवहारांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. देणाऱ्यानें दिलें कीं तें घेणाऱ्याचें झालें. आमच्यासारख्या संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसास येथें एक जुना वाद आठवल्यावांचून राहत नाहीं. दान पुरें केव्हां होतें? दायभागकार जीमूतवाहन म्हणतो कीं, देणाऱ्याच्या त्यागानेंच घेणाऱ्याचें स्वत्व उत्पन्न होतें. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरास तें मान्य नाहीं. देणाऱ्याचें स्वत्व सुटणें हा अर्धा भाग. दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न होणें हा उरलेला अर्धा, आणि तो घेणाऱ्यानें स्वीकार केल्यावांचून पुरा होत नाहीं. हा स्वीकार तो तीन प्रकारचा सांगतो, मानसिक, वाचिक आणि कायिक. जमिनीच्या बाबतींत तर थोडा तरी प्रत्यक्ष उपभोग हवा असें त्याचें म्हणणें. जुनीं आभासी यंत्रें जीमूतवाहनाच्या मतानें चालत आलीं. हीं गोपनीय यंत्रें मात्र पक्कीं मिताक्षरावादी आहेत.

त्याचें कारण उघड आहे. मालकावर विश्वास ठेवावयाचा नाहीं असें एकदां ठरल्यावर त्याच्या नुसत्या निरोपावर जागा आपली मानतां येत नाहीं. एएमडीच्या यंत्रांत प्रोसेसर यासाठीं एक उलट नोंदवही बाळगतो. मेमरीच्या प्रत्येक पानामागें तींत १६ बाइटांची नोंद असते: हें पान कोणत्या बिऱ्हाडाचें, त्या बिऱ्हाडाच्या हिशेबीं कोणत्या पत्त्याचें, आणि बिऱ्हाडकरूनें तें स्वीकारलें आहे कीं नाहीं. पहिल्या दोन गोष्टी मालकास लिहवितां येतात. तिसरी खूण फक्त बिऱ्हाडकरूच, त्याच्यासाठीं राखून ठेवलेल्या एका आज्ञेनें, करूं शकतो. मालकानें नोंद बदलली कीं ती खूण नाहींशी होते. इंटेलच्या पद्धतींत दोघांच्या मध्यें टीडीएक्स मॉड्यूल नांवाचा मध्यस्थ बसविला आहे. मालकानें दिलेलें पान त्याच्यापाशीं प्रलंबित राहतें आणि बिऱ्हाडकरूनें स्वीकार कळविल्यावरच शून्यें भरून त्याच्या हवालीं होतें. एएमडीकडे स्वीकारलेल्या पानांत आधीं काय असेल याचा भरंवसा धरूं नये. तें पुसून घेणें बिऱ्हाडकरूचें काम. स्वीकार न करितां पानास हात लावला तर दोहोंकडे परिणाम एकच होतो. लिनक्सचें तें बिऱ्हाड तेथल्या तेथें बंद पडतें.

स्वीकारास वेळ लागतो, ही यांतील अडचण. शेंकडों गिगाबाइटांचें यंत्र सुरू होतांना पानन् पान स्वीकारीत बसलें तर तें सुरू होण्यासच फार विलंब लागेल. म्हणून यूईएफआय या यंत्र सुरू करण्याच्या नियमांच्या २.९ या आवृत्तींत, २०२१ सालीं, ‘अस्वीकृत मेमरी’ असा निराळा वर्ग सांगितला गेला, आणि २०२३ सालच्या लिनक्स ६.५ मध्यें त्याची व्यवस्था आली. कर्नल प्रथम थोडी मेमरी स्वीकारतो, बाकीची लागेल तशी. काय स्वीकारायचें राहिलें आहे याची त्याची वही मोठी सुटसुटीत आहे. दर २ मेगाबाइटांस एक खूण, एवढेंच. अवघ्या ४ किलोबाइटांच्या वहींत ६४ गिगाबाइटांचा हिशेब मावतो. एवढ्या काटकसरीनें लिहिलेला जमाखर्च आमच्या पाहण्यांत नाहीं.

भगिनींच्या प्रश्नाचें मर्म याच वहींत आहे. ती यंत्र सुरू होतांना बांधली जाते, आणि त्या क्षणीं अस्वीकृत असलेल्या मेमरीपुरतीच तिची व्याप्ति असते. मागून जोडलेल्या मेमरीचें तींत नांवही नसतें. मग वहीबाहेरच्या पत्त्याविषयीं कर्नलनें तिला विचारलें तर ती काय सांगते? २०२३ सालच्या त्या व्यवस्थेप्रमाणें उत्तर असें मिळतें कीं, या पत्त्याची खूण माझ्याकडे नाहीं, अर्थात् येथें स्वीकारायचें कांहीं उरलेलें नाहीं. आरंभींच्या मेमरीपुरता हा नियम रास्त आहे. जें अस्वीकृत असेल तें वहींत असणारच. शाळेंत फीच्या थकबाकीची यादी करितात तिचाच दाखला घ्या. जूनमध्यें यादी केली, तींत ज्याचें नांव नाहीं त्यानें फी भरली, हें जुलैपर्यंत खरें. पण नोव्हेंबरांत नवा मुलगा दाखल झाला, तर त्याचें नांव यादींत नसतें तें फी भरल्यामुळें नव्हे. यादी त्याच्या आधींची आहे म्हणून. त्या जुन्या यादीवरून त्याला पावती देणारा कारकून जें करील तेंच येथें कर्नल करितो. न स्वीकारलेली जागा स्वीकारलेली समजून तो आंत पाऊल टाकतो आणि कोसळतो. गुपित यांत फुटत नाहीं, हें खरें; परंतु रुग्णालयाचें यंत्र ऐन गर्दींत, आणि तेंही मदत म्हणून दिलेल्या मेमरीपायीं, बंद पडावें हें कांहीं लहान नुकसान नव्हे.

येथें क्रमाचा विचार फार बारकाईनें करावा लागतो. पहिल्या पायरीस कर्नल ६४ बाइटांचीं टिपणें लिहितो हें वर सांगितलेंच आहे. तीं सामान्यतः जुन्या मेमरींत लिहिलीं जातात. परंतु नव्या मेमरीचीं टिपणें नव्या मेमरींतच ठेवण्याचीही एक सोय लिनक्समध्यें २०२१ पासून आहे. ती वापरावयाची असेल तर टिपण लिहिण्यापूर्वींच निदान तेवढा भाग स्वीकारला गेला पाहिजे. नाहींतर नव्या खोलींत वही मांडावयास गेलेला माणूस उंबरठ्यावरच पडावयाचा.

दुसरी गोष्ट याहूनही सूक्ष्म आहे, आणि आम्हांस ती सर्वांत मनोरंजक वाटली. कर्नल फाइलींचीं नांवें ताडून पाहतांना एकेक अक्षर वाचीत नाहीं. आठ आठ बाइटांचा घास एकदम घेतो. नांव पानाच्या अगदीं कडेस संपत असेल तर तो घास पुढच्या पानांत शिरतो. पुढें मेमरीच नसेल तर कर्नल तें सांभाळून घेतो. जास्तीच्या जागीं शून्य आहे असें समजून पुढें चालतो. पण पुढें मेमरी आहे, मात्र ती स्वीकारलेली नाहीं, अशी स्थिति असेल तर सांभाळण्यास वाव राहत नाहीं. म्हणून लिनक्स ६.५ मधील व्यवस्था कोणताही भाग स्वीकारतांना त्याला लागून असलेला पुढचा आणखी २ मेगाबाइटांचा तुकडाही स्वीकारून ठेवते. आतां हॉटप्लग झाला असें समजा. जुन्या मेमरीच्या टोकापुढें काल पोकळी होती आणि ती निर्धोक होती. आज तेथें नवी, अस्वीकृत मेमरी येऊन टेकली. जुन्या खोलींत कोणीं कांहीं हलविलें नाहीं, तरी तिची शेवटची भिंत धोक्याची झाली.

उपाय तीन तऱ्हेचे संभवतात. एक, नवा ठोकळा येतांक्षणीं संपूर्ण स्वीकारावा; १२८ मेगाबाइटांचा ठोकळा म्हणजे २ मेगाबाइटांचे ६४ तुकडे, कांहीं फार नव्हेत. दुसरा, सुरुवातीसच वही मोठी बांधावी. पुढेंमागें कोणत्या पत्त्यांवर मेमरी येऊं शकेल हें एसीपीआयच्या एका कोष्टकांत सांगितलेलें असतें. तें कोष्टक मालकानेंच पुरविलेलें, त्यामुळें खोटें असूं शकेल. पण त्यावरून केवळ वहीचा आकार ठरवावयाचा असेल तर खोट्यानें थोडी जागा वाया जाण्यापलीकडे हानि नाहीं. १ टेराबाइटाची वही झाली तरी ती ६४ किलोबाइटांचीच होते. तिसरा, प्रत्येक नव्या ठोकळ्यास स्वतंत्र चिठ्ठी लावावी. आमचें मत पहिल्याच्या बाजूनें पडतें. हळूहळू स्वीकारण्याची युक्ति यंत्र लवकर सुरू व्हावें म्हणून निघाली. हॉटप्लगच्या वेळीं यंत्र आधींच चालू असतें, आणि मेमरी मागविली ती तिची निकड आहे म्हणूनच. तेथें आळसाचें प्रयोजन काय? शेंकडों गिगाबाइट एकाच वेळीं जोडणाऱ्यांचें म्हणणें निराळें असेल, आणि त्यांना वही मोठी करणेंच भाग पडेल.

मेमरी परत देतांना तर अधिकच जपावें लागतें. कर्नलनें स्वतःच्या कामास घेतलेलीं बहुतेक पानें हलवितां येत नाहींत; म्हणून परत जावयाची मेमरी आरंभापासूनच हलविण्याजोग्या वर्गांत ठेवावी लागते. खोली मोकळी झाल्यावर बिऱ्हाडकरूनें एएमडीच्या यंत्रांत आपली स्वीकाराची खूण काढून घेतली पाहिजे, आणि वहींतही तशी नोंद केली पाहिजे. हें केवळ नीटनेटकेपणासाठीं नाहीं. समजा, एका पत्त्यावरील पान बिऱ्हाडकरूनें स्वीकारलें आणि त्यांत कोणाच्या तरी खात्याची शिल्लक ५,००० रुपये लिहिली. पुढें कांहीं निमित्तानें मालकानें त्याच पत्त्यास दुसरें पान लावलें. पहिला स्वीकार विसरून बिऱ्हाडकरूनें तेंही स्वीकारलें, आणि खातेदारानें पैसे काढल्यावर त्यांत शिल्लक २०० रुपये लिहिली. आतां एकाच पत्त्याचीं दोन पानें झालीं, आणि दोहोंवर स्वीकाराची खूण आहे. मालकास त्यांतील एक अक्षरही वाचतां येत नाहीं. परंतु कोणतें पान केव्हां पुढें करावयाचें हें त्याच्या हातीं राहिलें. जुनें पान पुढें केलें कीं शिल्लक पुन्हा ५,०००. सांकेतिक लिपीचा येथें कांहीं उपयोग नाहीं, कारण दोन्ही अक्षरें बिऱ्हाडकरूच्याच किल्लीनें लिहिलेलीं.

एका पत्त्याचा स्वीकार एकदांच, हा एएमडीचा दंडक याच भयामुळें आहे. दुसऱ्यांदां स्वीकारावयाचें तर मध्यें पहिला स्वीकार रीतसर मागें घेतला असला पाहिजे. ती खूण काढतांना प्रोसेसर एक उपयुक्त साक्ष देतो: खूण आधीं होती कीं नव्हती हें तो सांगतो. आपण स्वतः स्वीकारलेल्या पानावर खूण नव्हतीच, असें उत्तर आलें, तर मधल्या काळांत कोणीं पान बदललें हें निश्चित; लिनक्स अशा वेळीं पुढें एक पाऊलही टाकीत नाहीं. इंटेलकडे दोन पानांची लबाडी मध्यस्थ चालूं देत नाहीं. तेथें भय वेगळें. मालक भरलेलें पान काढून नेऊन त्या जागीं कोरें प्रलंबित पान ठेवूं शकतो. अशा पानास हात लागतांच तें आपोआप स्वीकारावें असा नियम कर्नलनें ठेवला असता, तर हिशेबाच्या जागीं गुपचूप शून्यें आलीं असतीं. म्हणून लिनक्स तसा आपोआप स्वीकार करीत नाहीं. काम बंद पडलें तरी पत्करतो.

वाचकांनीं येथें एक मर्यादा ध्यानांत ठेवावी. मालक मेमरी द्यावयाची नाकारूं शकतो, दिलेली अवेळीं काढूं शकतो, सगळें बिऱ्हाडही बंद करूं शकतो. त्याविरुद्ध ही व्यवस्था कसलेंच आश्वासन देत नाहीं. आंतलें वाचतां येऊं नये आणि नकळत बदलतां येऊं नये, एवढ्याच दोन गोष्टींची हमी तिनें घेतली आहे.

मालकानें खुद्द वाडाच वाढवावयाचें मनांत आणलें तर काय, हेंही थोडक्यांत सांगतों. इंटेलच्या यंत्रांत कोणती मेमरी गोपनीय कामास चालेल हें यंत्र सुरू होतांनाच ठरतें, आणि त्या मेमरीच्या हिशेबासाठीं तिचा सुमारें २५६ वा भाग बाजूस ठेवावा लागतो. २०२४ सालीं निघालेल्या लिनक्स ६.८ पासून मालकाच्या बाजूचा कर्नल अशी दक्षता घेतो कीं, टीडीएक्स चालू असतां, त्या आरंभींच्या यादींत नसलेली मेमरी मागून जोडली तर तो ती वापरास खुली करूंच देत नाहीं. कांहीं पानें गोपनीय कामास योग्य आणि कांहीं अयोग्य, असा घोळ एकाच कोठारांत त्यास नको आहे. हा सोपा तोडगा आम्हांस पसंत आहे.

आतां भगिनींच्या प्रश्नाचा शेवटचा भाग राहिला: हें सारें नीट झालें आहे हें कोणास कसें कळावें? आंतल्या कर्नलास तें प्रोसेसरच्या साक्षीनें कळतें, हें वर आलेंच. पण बँकेचा खातेदार किंवा रुग्णालयांतील रोगी हा बाहेरचा माणूस. गोपनीय यंत्र सुरू होतांना प्रोसेसर त्याचें मोजमाप घेऊन सहीनिशीं दाखला देतो. त्या मोजमापांत मागून जोडलेल्या मेमरीचा समावेश नसतो. तेव्हां बाहेरच्या माणसानें पाहावयाचें तें हें कीं, स्वीकार करणारा कर्नल कोणता आहे आणि तो दाखल्यांत नमूद होईल अशी तजवीज यंत्र चालविणाऱ्यांनीं केली आहे कीं नाहीं. हा दाखला कसा तयार होतो, त्यावर सही कोणाची असते आणि ती कशी पडताळतात, याविषयीं पुढील अंकीं लिहूं. या महिन्यासाठीं योजलेला विषय त्यामुळें आणखी एक महिना लांबणीवर पडतो आहे, त्याबद्दल त्याची वाट पाहणाऱ्या वाचकांनीं राग मानूं नये.